मधे थांबायचं नाही

तर आधी हे लिहून घ्या. साल एकोणनव्वद, जून महिना, शनिवार, सकाळचे अकरा. हजर माणसं पाच: शाळेचे हेडमास्तर, विशेष वर्गाच्या बाई, मी, माझी बायको सुमन आणि आमची उज्ज्वला, वय वर्षं नऊ. रक्कम म्हणाल तर त्या दिवशी पैशांचा काही विषय नव्हता, आकडा एकच होता माझ्या डोक्यात, शंभर.

माझा जन्म शहाडचा. वडील खडीच्या कामावर, सही म्हणून अंगठा. आम्ही बौद्ध, घरात देव्हारा नाही, पण शाळेचे दाखले ठेवायची पत्र्याची पेटी आहे, तिला चुकून पाय लागला तर वडील पाठीत धपाटा घालायचे. मी अकरावी झालो, तिथेच एका कारखान्यात स्टोअरला लागलो, पुढे स्टोअरकीपर झालो. नट-बोल्टपासून पट्ट्यापर्यंत काय शिल्लक ते विचारा, मी न बघता सांगायचो, आणि बघितलं तर तेवढंच निघायचं. लग्न झाल्यावर कोपरला चाळीत खोली घेतली. मुलगी झाली. आणि काय सांगू तुम्हाला, जिथे कसलाच हिशोब लागत नाही असं एक माणूस घरात आलं.

उज्ज्वला उशिरा चालली, उशिरा बोलली. दुसरीत दोन वर्षं काढली. हसरी हो, कोणाशी भांडण नाही, पण सांगितलेलं डोक्यात राहत नव्हतं. मग शाळेतून चिठ्ठी आली. पाल्याच्या पुढील शिक्षणाची आखणी करण्यासाठी सभा आहे, दोन्ही पालकांनी मुलीला घेऊन यावे, सोबतचा कागद भरून आणावा. कागदावर दोन रकाने. एकावर लिहिलेलं येतं, दुसऱ्यावर येत नाही.

मी ती चिठ्ठी दहा वेळा वाचली असेल. आखणी म्हणजे काय हो? मला वाटलं, पटावरून नाव कमी करायचं हे सभ्य भाषेत लिहिलंय. आमच्या घराण्यात शाळेतून नाव कमी झालेलं माणूस नाही. आठ दिवस होते. मी ठरवलं, तयारी करून घ्यायची. कारखान्यात ऑडिटच्या आधी आठ दिवस आम्ही रॅक साफ करायचो, तशीच ही तपासणी असं मी धरून चाललो.

कामावरून आलो की तिला समोर बसवायचो. नाव, पत्ता, बापाचं नाव, आणि शंभरपर्यंत आकडे. आकड्यांवर माझा जोर. ती बारा-तेरापर्यंत यायची आणि अडकायची, कुठेतरी बघत बसायची. मग मी म्हणायचो, उजू, मधे थांबायचं नाही, थांबलीस की पुन्हा एकपासून. मी जेवणाच्या डब्यावर बोटाने ठेका धरायचो आणि ती म्हणायची. मला एका जागी बसवत नव्हतं, खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या, डबा हातात. सुमन म्हणायची, अहो, बसा की खाली, पोरीची मान दुखली तुमच्याकडे बघून. पण सहाव्या दिवशी उजूने शंभर गाठले. न थांबता. मी तिला जिलबी आणली.

त्याच दिवशी कागद भरला. येतं मध्ये बावीस गोष्टी लिहिल्या, नंबर घालून. येत नाही हा रकाना कोरा. सुमनने वाचला. ती सातवी शिकलेली, पण वाचते बारीक. म्हणाली, हे काय, दुसरीकडे काहीच नाही? बटणं लावता येत नाहीत, पोटात दुखलं तर कुठे दुखतं ते सांगता येत नाही, रस्त्यात कोणीही हात पुढे केला की हात धरून चालायला लागते, हे कोण लिहिणार? मी म्हटलं, ते घरातलं आहे, शाळेला कशाला? तर म्हणते, टोमॅटोवाल्यासारखं वर चांगले, खाली नासके, असं रचताय काय पोरीला? दुसऱ्याने असा माल दिला तर ट्रक परत पाठवता तुम्ही. मला राग आला. कारण बरोबर बोलली होती. तरी मी एक ओळ लिहिली नाही.

सभेला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हेडमास्तर भला माणूस, पण घाईत, बाहेर प्रवेशाची गर्दी. विशेष वर्गाच्या बाई ठाण्याहून यायच्या, कोपरीच्या, वयाने लहान, पंचविशीच्या. त्यांनी उजूला विचारलं, काय येतं तुला? मी टेबलावर हळूच बोट वाजवलं आणि उजू सुरू झाली. पण बाईंनी तिला थांबवलं, पिशवीतून चिंचोके काढून टेबलावर ओतले आणि म्हणाल्या, उज्ज्वला, मला यातले चार दे.

तिने एक सरकवला, एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. बाई म्हणाल्या, पुरे गं, चारच. पण तिला कोण थांबवणार? सात, आठ, नऊ. चिंचोके तिशीच्या आसपास संपले तरी ही रिकाम्या टेबलावर बोट सरकवत पुढे चालली. हेडमास्तर घड्याळ बघतायत, सुमन पदर चावतेय, आणि उजू माझ्याकडे बघत, एकदाही न थांबता, शंभरला पोचली आणि हसली. शाबासकीला थांबली हो ती. आणि मी मान खाली घातली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, चूक माझी आणि मान मी तिच्यासमोर खाली घातली.

हेडमास्तरांनी माझा कागद उचलला. म्हणाले, इथे तर येत नाही असं काहीच नाही. विशेष वर्गात जागा आठच आहेत, हिला गरज नसेल तर दुसऱ्याला देऊ, आणि तिसरीत नाही निभावलं तर पुढे बघू. म्हणजे बघा, नाव कमी व्हायला मीच वाट करून दिली होती. ती माणसं मदत किती लागेल ते विचारत होती, आणि मी मालच लागत नाही म्हणून सही करून बसलो होतो.

मी म्हटलं, साहेब, कागद परत द्या, खोटा भरलाय. हे वाक्य मी नोकरीत कधी बोललो नव्हतो. हेडमास्तर म्हणाले, सोमवारी आणा. तर बाई म्हणाल्या, नको सर, आत्ताच लिहू देत. मग सुमन सांगत गेली आणि मी लिहीत गेलो, बटणं, पोटदुखी, चप्पल उजवी-डावी, सगळं. सतरा झाल्या. सतरावी लिहिताना माझं अक्षर बिघडलं, कोणाचाही हात धरून जाते. बाईंनी तीच आधी वाचली. म्हणाल्या, दादा, हे सगळ्यात वर पाहिजे होतं, आपण इथूनच सुरुवात करू.

नाव राहिलं. सकाळी वर्गात, नंतर दीड तास बाईंकडे. आणि तुम्हाला खोटं वाटेल, चार म्हटल्यावर चारला थांबायला तिला अकरा महिने लागले. मी शिकवलेलं सहा दिवसांत पक्कं झालं आणि बाईंना ते पुसायला अकरा महिने. अनोळखी हात सोडायला त्याहून जास्त.

आता अठराची आहे. आकडेमोड नाही येत, येणारही नाही, तो रकाना मी आता कोरा ठेवत नाही. पण सकाळी दुधाच्या दोन पिशव्या तीच आणते, एकटी. म्हणजे तिला वाटतं एकटी. मी पंचवीस-तीस पावलं मागे असतो. सुमन ओरडते, अहो, या मागे, पोर लाजेल. पण पाय राहत नाहीत. ती वीसची नोट देते, दुकानदार सहा रुपये परत करतो, ती न मोजता मुठीत धरते, तो तिच्या हातावर ठेवतो तेव्हाच मी रस्त्याच्या पलीकडून मोजतो. आजवर त्या माणसाने एकदाही कमी दिले नाहीत, त्याचं भलं होवो. पण परवा म्हणत होता, गाळा विकून गावी जायचंय. तेव्हापासून मी तिथे नवा कोण येणार, विचारत फिरतोय. आज सकाळीही सहा रुपये परत दिले त्याने तिला, बरोबर. उद्याही देईल. पुढचं मला माहीत नाही.