बारशासाठी एक वंगाळ नाव

जलंबच्या स्टेशनावर तिकीटबाबू वामनरावांनी खिडकी लावायला घेतली आणि हात तसाच ठेवला. बाहेर म्हातारे कडूबा, इटलीच्या लढाईवरून परतलेल्या गुलाम रसूलकडे चक्क नाव मागत होते.

“नातवाचं उद्या बारसं हाय. सुनेले आखूड, इलायती नाव पायजे.”

“लिओ ठेवा, बाबा. म्हंजे सिंह.”

“सिंह नोको बे! आधीचे दोघं गेले, याले नजर लागीन. वंगाळ अर्थाचं सांग. मायनं मले कडू म्हनलं, म्हनून सत्तर वर्सं टिकलो.”

“रेक्स?”

“म्हंजे?”

“राजा.”

“काऊन बे, त्यायच्या मुलखात कोनाचे पोट्टे मरतच नाहीत काय?”

“थांबा, थांबा. आमचा कप्तान क्लॉड व्हता. क्लॉड म्हंजे लंगडा.”

“लंगडत व्हता?”

“छे हो! हरनावानी पळे. सहा फूट उंच गडी.”

“पाह्य! त्याच्या आधीचे नक्की गेले असतीन. मायबाप शहाने निंगाले.”

“मंग हेच ठेवता?”

“हाव. सुनेले सांगतो साहेबाचं हाय, अन् यमाले सांगतो लंगडं हाय.”