हाताखालचा लाल

नाही दादा, टेबलाला हात लावू नका — टेबल न्यायलाच आलात हे कळलंय मला, तुमचा कागदही पाहिला, पण पाच मिनिटं थांबा, सर येतायत. ही प्रयोगशाळा बंद करायची की नाही ते सरच ठरवणार, आणि ठरवणार तो ठिपका बघून. कुठला ठिपका? अजून नाहीये. येईल. माझा हात या रिळावर आहे ना, रिळाला काचेचा तंतू गुंडाळलाय, केसाएवढा — हात गरम झाला की येतो. बसा ना त्या खोक्यावर. नको, नको, त्यात भिंगं आहेत!

सांगते. या लेझरच्या डब्यातून निघतो तो प्रकाश दिसतच नाही — म्हणून वाकू नका, दिसला नाही तरी डोळा जाळतो. तो या तंतूत कोंबायचा. एवढ्याशा जागेत एवढा प्रकाश शिरला की काचेचीही चाल बदलते, आणि मग प्रकाशाचे दोन कण आपसात वाटणी करतात — एक जास्त घेतो आणि लाल होतो, दुसरा तेवढंच गमावतो आणि आणखीच दिसेनासा होतो. सख्ख्या भावंडांसारखं! हसलात? माझा भाऊ म्हणाला, मग तू गमावणारी. पण वाटणी होते ती दोघांची पावलं जुळली तरच, आणि पावलं जुळतात काच नेमकी गरम, नेमकी दाबलेली असली तर. हे एकदा जमलं ना, की एकाच डब्यातून हवा तो रंग — प्रत्येक रंगाला वेगळं महागडं यंत्र कशाला? छोट्या गावातल्या दवाखान्यालासुद्धा परवडेल! हे वाक्य सरांचंच आहे, बरं का. पूर्वीचं.

तापवायची पट्टी? लावली. दाबायला चिमटा? लावला. दोन्ही एकदम? तेही केलं. नाही येत. माझ्याच हाताखाली येतो. सर म्हणाले, दुसऱ्याला करता येत नाही तो प्रयोग नव्हे, ती करामत. आणि तुमच्या कागदावर — हो, ती सही त्यांचीच. नाही, येत नाहीयेत ते. खोटं बोलले मी. सकाळपासून फोन करतेय, उचलत नाहीत. दार? दार मी लावलंय, तुम्ही आत आलात तेव्हाच. घाबरू नका हो, किल्ली खिशात आहे, देते — फक्त आत्ता जरासुद्धा हलता येत नाही—

थांबा. तंतूच्या टोकासमोर लावलाय तो पांढरा कागद बघा. मधोमध. दिसला? दादा, बोला ना — दिसला ना तुम्हाला? लाल! अहो, आजवर मी एकटीच बघत होते, आई तर म्हणायला लागली होती, पोरीच्या डोक्यावर परिणाम—

फोन. माझाच. तुम्ही उचला, कानाला लावा माझ्या — सर! सर, आलाय, हलतसुद्धा नाहीये, इथे दादा आहेत, त्यांनाही दिसतोय, विचारा त्यांना! हो... हो, हात आहे. काढून बघू? सर, एकदा येऊन बघा तरी, मी अशीच बसते, रात्रभर बसते... बरं. काढते.

काढला, सर.

नाही. नुसता कागद.

ठेवा तो फोन, दादा. ही घ्या किल्ली. आधी ही कड उचला, हीच बाजू जड आहे. आणि रिळाला आता जपायची गरज नाही.