मोज्यासाठी आलेलं पत्र

नीलम्मा : बोट काढ की मुकुल! नाव झाकून पत्र कशाला दाखवून राहिलास?

मुकुल : माझा नियम आहे, आजी. पत्र कुणी दिलं ते मी सांगत नाही. अशी पत्रं जमवणारे दुसरे लगेच देणाऱ्याच्या दाराशी जातात. युद्धाच्या वेळची, तेव्हाच्या राष्ट्रपतींच्या सहीची अकरा पत्रं झालीत. तुमचं बारावं.

नीलम्मा : देते की. पर ह्यात उजव्या मोज्याबद्दल आभार हायत. माझ्यात डाव्याबद्दल. म्हंजी ही आमची चंद्रप्रभा!

मुकुल : एकीला एकच मोजा?

नीलम्मा : एकाहत्तरची लढाई. अहमदपूरच्या शाळेत बाईंनी जवानांसाठी लोकर वाटली. आम्हा दोघींत एकाच जोडीची आली. डावा मी विणला, उजवा तिनं. तिचा लई लांब झाला. तसाच धाडला दिल्लीला, दोघींची चिठ्ठी घालून.

मुकुल : आणि दोघींना वेगळं उत्तर!

नीलम्मा : हाव, शाईची सही. पुढं तिच्या वडलांची बदली झाली हैदराबादला. मी लग्न होऊन इथं उदगीरला आले. मंग कुणाचा पत्ता कुणाला? लई शोधलं रे. हाय न्हवं ती?

मुकुल : ठणठणीत आहेत. पण पत्ता नाही सांगणार.

नीलम्मा : मंग चहा पी आन् नांदेडची एसटी धर. पत्र न्हाई.

मुकुल : आजी, असं काय करता!

नीलम्मा : पत्ता नको सांगू. फोन लाव. तिचं ती सांगंल.

मुकुल : हे मात्र नियमात बसतं. थांबा, स्पीकरवर ठेवतो... हॅलो, मी मुकुल. इथं एक आजी आहेत...

चंद्रप्रभा : कोण आजी?

नीलम्मा : मांडीपर्यंत जाणारा मोजा कुणी विणला गं?

चंद्रप्रभा : नीलू! अगं, तुझा तर घोट्यावरच संपला होता. त्या जवानाचा एक पाय गारठला असेल!

नीलम्मा : भांडायला समोर ये. कुठं हायस?

चंद्रप्रभा : हदगावला, लेकीकडे. तू उद्याच ये.

नीलम्मा : येते. पर एवढं जपलेलं पत्र देऊन टाकलंस? मन झालं तरी कसं?

चंद्रप्रभा : हा म्हणाला, असली पत्रं शोधत गावोगाव फिरतो. म्हटलं, फिरत फिरत कधीतरी तुझ्या दारी येईल.