क्षमेच्या रविवारची मॅच

अग्निया ल्वोव्ना: गळा सोड त्याचा, प्रोखोर! लाल कार्ड मिळालं तरी हौस फिटली नाही का तुझी? ही डॉक्टरची खोली आहे. तीस वर्षं या क्लबात आहे मी, तुझ्यासारखे पुष्कळ बैल बांधलेत.

प्रोखोर: तुम्ही मध्ये पडू नका. एकच पाय मोडलाय मी त्याचा. अजून एक शिल्लक आहे.

देम्यान: सोडू नकोस, प्रोशा. दाब.

अग्निया ल्वोव्ना: तू गप रे! नडगीचं हाड कातडीबाहेर आलंय आणि याला नाटकं सुचतायत. तुझ्या नव्या मॉस्कोच्या क्लबात हेच शिकवतात वाटतं. प्रोखोर, त्या स्टुलावर बस. भुवई फाटलीय तुझी, सगळी फरशी रंगवलीस. कोणी मारलं?

प्रोखोर: यांच्या गोलकीपरने. मी त्याचे दोन दात पाडले.

अग्निया ल्वोव्ना: शाब्बास! उद्यापासून मोठा उपास, आज गावभर लोक ब्लिनीची धिरडी खातायत, एकमेकांसमोर वाकून माफी मागतायत, आणि तुम्ही हे असले. लहानपणी एका सायकलवरून सरावाला यायचात दोघं. झालं काय एकाएकी?

प्रोखोर: याला विचारा.

देम्यान: मी माफी मागितली त्याची.

अग्निया ल्वोव्ना: मग? क्षमेच्या रविवारी सगळेच मागतात. त्याने म्हणायचं, ‘देव क्षमा करेल, मीही केली,’ गालाला गाल लावायचा, संपलं.

प्रोखोर: म्हणालो ना! मैदानात उतरायच्या आधी, बोगद्यात. गालाला गालही लावला. तर हा कानात सांगतो, ‘त्या पायासाठीसुद्धा माफ कर. मुद्दाम लाथ मारली होती मी.’

अग्निया ल्वोव्ना: द्योमा! खरं हे?

देम्यान: खरं.

अग्निया ल्वोव्ना: अरे गाढवा, आजच्या दिवशी यादी वाचायची नसते! नुसतं ‘माफ कर’ म्हणायचं, त्यात सगळं येतं. माझी सासू चाळीस वर्षं मला दर वर्षी ‘माफ कर’ म्हणायची. कशाबद्दल, ते बोलली असती तर विहिरीत ढकलली असती मी तिला.

प्रोखोर: नऊ वर्षं! नऊ वर्षं मी बर्फाला शिव्या दिल्या, अग्निया ल्वोव्ना. वाटलं, बर्फावरून याचा पाय घसरला आणि माझ्या नडगीवर आला. मैदान साफ करणाऱ्या म्हाताऱ्या येफिमला भर चौकात तुडवलं मी, बर्फ नीट खरवडला नाही म्हणून. त्याच्या बरगड्या तुम्हीच बांधल्यात.

अग्निया ल्वोव्ना: बांधल्या. पुढे कधी सरळ उभा राहिला नाही तो.

प्रोखोर: आणि हा? हा मला पाठीवर घालून तुमच्याकडे घेऊन आला! रडत होता. मी त्याला म्हणालो, रडू नकोस, तुझी काय चूक! बाप्तिस्म्याच्या वेळी पोरगी याच्या हातात दिली मी. धर्मपिता म्हणे. मातीत घालायला हवा होता.

देम्यान: काल तुझ्याकडे जेवलो ना, तेव्हा तीच बोलली. ब्लिनी वाढताना म्हणाली, ‘तुम्ही बाबांना उचलून नेलं होतं, नाहीतर पाय कापावा लागला असता.’ घास उतरेना माझ्या घशाखाली.

प्रोखोर: म्हणून माझ्या घशात घातलास!

अग्निया ल्वोव्ना: बस खाली! हलू नकोस, टाका घालतेय.

प्रोखोर: माझा पाय मोडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालचा माणूस येणार होता स्ट्रायकर न्यायला. आम्ही दोघं होतो. हा विमानात बसला आणि मी दीड वर्ष कुबड्यांवर. पायातला वेगच गेला. मग मला मागे उभं केलं, दुसऱ्यांच्या नडग्या फोडायला. त्यात मात्र नाव काढलं मी.

देम्यान: तिथे तरी कुठे सुख होतं? पहिलं वर्ष बाकावर कुजलो. मग एकोणीस गोल मारले, तर मला तुर्कस्तानात विकलं. तिथे गोल केला की प्रेक्षक नाणी फेकायचे. डोक्याला सात टाके पडले. एकाने कोपर मारून जबडा मोडला. प्रत्येक लाथेला वाटायचं, ही प्रोशाची. बरं वाटायचं.

प्रोखोर: मग आज तर मजाच वाटली असेल.

देम्यान: अग्निया ल्वोव्ना, खेळता येईल का पुन्हा?

अग्निया ल्वोव्ना: तिशी उलटलीय तुझी. काठीशिवाय चाललास तरी देवळात मेणबत्ती लाव. प्रोखोर, झाला तुझा टाका. फाटकावर जा, ॲम्ब्युलन्स आली का बघ. जा म्हणते ना!

(प्रोखोर जातो. दार धाडकन आपटतं.)

अग्निया ल्वोव्ना: आता दाराकडे काय बघतोयस? आणखी काय आहे?

देम्यान: पोर्तुगालच्या त्या माणसाने आमच्या दोन मॅच आधीच गुपचूप पाहिल्या होत्या. विमानात त्याने मला दुसरा करार दाखवला. प्रोशाच्या नावाचा. त्याला दोघंही हवे होते.

अग्निया ल्वोव्ना: दोघं?

देम्यान: मी उगाच मोडला त्याचा पाय. उगाच! हेही त्याला बोगद्यातच सांगणार होतो, तेवढ्यात रेफरीने बोलावलं. आता आला की सांगतो.

अग्निया ल्वोव्ना: सांग. तुझी छाती हलकी होईल. तो त्या पायावर रोज चालतो, त्याचं काय होईल ते बघ.

देम्यान: खोटं बोलू? आजच्या दिवशी?

अग्निया ल्वोव्ना: मी पाद्री नाही, बाळा. मी हाडं बांधते.

(प्रोखोर परत येतो.)

प्रोखोर: चौकात अडकलीय गाडी. हिवाळा सरला म्हणून पेंढ्याची बाहुली जाळतायत, लोक हलत नाहीत. ड्रायव्हरला खाली ओढून सांगितलं, दहा मिनिटांत आला नाहीस तर तुलाच जाळतो. येतोय. द्योमा, एक विचारायचंय. माझ्याकडे बघून बोल. खोटं बोललास तर याच टेबलावर मारीन तुला, डॉक्टर असोत नाहीतर बिशप असोत.

देम्यान: विचार.

प्रोखोर: जागा किती होत्या?

देम्यान: कुठे?

प्रोखोर: त्या पोर्तुगालच्या क्लबात. किती जणांना नेणार होते?

देम्यान: एकाला.

प्रोखोर: नक्की?

देम्यान: एकच जागा होती, प्रोशा.

प्रोखोर: हं. फाटकापर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. एकच जागा, आणि माझ्या आधी तुला सुचलं. मला सुचलं असतं तर मीही सोडला नसता तुला. इथून बाहेर पडायला मी काय केलं नसतं? माफ नाही करत मी. पण कळतं मला. सरक, डोक्याखाली जाकीट घालतो.

देम्यान: नको, राहू दे.

प्रोखोर: डोकं उचल म्हणतो ना! आता का रडतोस? अग्निया ल्वोव्ना, एखादी सुई टोचा, फार दुखतंय याला.

अग्निया ल्वोव्ना: दिसतंय मला.