रडणं थांबेपर्यंत

ठेवा तिकडे, भिंतीला लावून ठेवा. परत घेणार नाही असं कुठं म्हणालो मी? घेतो ना. फक्त ते पिंजरा पिंजरा म्हणू नका, क्रेट म्हणतात त्याला, पिंजरा पोपटाचा असतो — आणि बसा आधी. त्या खाण्याच्या पोत्यावर बसा, काही होत नाही, रोज लोक बसतात. उभ्यानं बोललं की माणसाचा आवाज चढतो, माझाही चढतो, आणि बाहेर मैदानात पाच वाजता माझी बॅच येते, त्यांच्यासमोर मला तमाशा नकोय. आठ दिवस झाले ना? नऊ? नऊ. मी रोज म्हणत होतो, ते साहेब येणार, पिल्लू गेलंय त्यांचं, तेही माझ्या क्रेटमध्ये, माझ्या पद्धतीनं शिकताना, तर माणूस येणारच. आलात. बरं झालं. पाणी घेता? नको तर नको.

हे बघा, मी एकोणीस वर्षं श्वानपथकात काढली. तुमच्या घरातल्यासारखी सोफ्यावर लोळणारी कुत्री नव्हेत ती, कामाची कुत्री, वासावरनं माणूस काढणारी. रिटायर झाल्यावर हे सुरू केलं, आणि मास्तर मास्तर म्हणून लोक लांबून येतात ते उगाच नाही येत. अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू घरात आणलं की काय होतं? घाण करतं, चपला फाडतं, वायरी चावतं. मग लोक मारतात. मी मारू देत नाही. मी म्हणतो, त्याला त्याचं घर द्या. आत गोधडी, वर चादर, थोडं खाणं, आणि दार लावा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी वीस, असं वाढवत न्यायचं. रडणार ते. रडू दे. रडताना दार उघडलं की ते काय शिकतं? रडलं की दार उघडतं — संपलं, जन्मभराचा गुलाम झालात तुम्ही. म्हणून माझा एकच नियम आहे, रडणं थांबेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. यात काय चुकलं? सांगा ना. जगात सगळीकडे असंच शिकवतात, मी काही जगावेगळं सांगत नाही.

वहिनींनी फोन केला मला, हो, केला. पावणेअकरा झाले असतील. मैदानात होतो मी, सकाळची बॅच होती, बारा लोक, बारा पट्टे, बारा तऱ्हेचे प्रश्न. त्या म्हणाल्या, मास्तर, फार ओरडतोय हो, आणि सासूबाई म्हणतायत उघड, माणसाच्या लेकराला असं कोंडशील का. मी काय म्हणालो असेन? तेच म्हणालो जे सगळ्यांना म्हणतो. वहिनी, सासूबाईंना आतल्या खोलीत बसवा, टीव्ही लावून द्या, आणि तुम्ही कान बंद करा. प्रत्येक घरात एक आजी असतेच साहेब, माझ्या धंद्याची वैरीण, मी शिकवायचं आणि तिनं मागच्या दारानं बिस्किट द्यायचं. हसले त्या. तुमच्या आईंना खोलीत नेऊन बसवलंही असेल. मग परत फोन आला, म्हणाल्या, आवाज वेगळाच येतोय. मी म्हटलं, पहिल्या आठवड्यात सगळ्यांचाच वेगळा येतो. आता मला सांगा, एवढ्या लांबून, फोनवरून मला काय दिसणार होतं?

डॉक्टरांनी काय सांगितलं ते माहीत आहे मला, तुमच्याआधी मीच त्यांना विचारलं. पट्टा. तो लाल पट्टा, तुमच्या मुलीनं आणलेला, त्याला ती घंटा, आणि घंटा अडकवायला तारेचा आकडा. तो आकडा क्रेटच्या जाळीत शिरला. पिल्लू फिरलं असेल, ओढलं असेल, परत फिरलं असेल, की पट्टा आवळत गेला. म्हणजे क्रेटनं मारलं नाही त्याला, पट्ट्यानं मारलं. आणि क्रेटमध्ये घालताना पट्टा काढायचा असतो हे तर… हे मी सांगितलंच होतं. तुमच्या घरी पहिल्या दिवशी आलो तेव्हा. वहिनीही म्हणाल्या ना मला, पिल्लू गेलं त्या दिवशी, म्हणाल्या, सांगितलं असेल मास्तर, माझ्याच लक्षात राहिलं नसेल. त्यांचे शब्द आहेत, माझे नव्हेत. मी काही त्यांच्या तोंडात घातले नाहीत.

आणि माझ्याकडे असं बघू नका. मी आलो तेव्हा तुमच्या दारात काय चाललं होतं? तुम्ही ऑफिसातनं धावत आलेले, बूटही काढले नव्हते, आणि त्या बाईला म्हणत होता, एवढीशी अक्कल नाही का तुला, साधा पट्टा काढता येत नाही. मुलीसमोर. शाळेचं दप्तर पाठीवर तसंच, पोर भिंतीला टेकून उभी. मी नाही म्हणालो तसं, तुम्ही म्हणालात. आता ती पोर आईच्या हातचं जेवत नाही, वेणी घालू देत नाही, आईनं मारलं म्हणते, आणि वहिनी खोलीतून बाहेर येत नाहीत — हे सगळं माझ्या अंगावर घालायला आलात होय? आरसा आहे ना घरात? मला राग येतो साहेब, लोक स्वतः बोलून बसतात आणि मग दुसऱ्याचं दार ठोठावतात.

काय ते? हां. सूचनांचा कागद. माझाच आहे, खाली नंबर माझा आहे, नाकारतोय का मी. वाचून आलात म्हणजे. मग? मला वाचून काय दाखवता, मीच लिहिलाय तो. गोधडी, पाणी, वेळापत्रक, रडणं, शू. बरोबर. पट्ट्याचं नाही त्यात. नाही, माहितेय मला. आधी होतं. जुन्या कागदावर होतं, तिसरीच ओळ, आत घालण्यापूर्वी पट्टा व साखळी काढावी. मग मी नवीन छापून घेतले, आणि त्या खाण्याच्या कंपनीवाल्यानं सांगितलं, खाली आमचं चित्र टाका, छपाई आम्ही देतो. दोन बाजूंनी छापलं तर लोक मागची बाजू बघत नाहीत, म्हणून एका बाजूत बसवायचं होतं सगळं. दोन ओळी जास्त होत होत्या. मी म्हटलं, पट्ट्याची काढा. त्यात काय लिहायचं, ते तर कुणालाही कळतं —

कुणालाही नाही कळत. हो. आता कळतंय मला. पथकात काय असतं साहेब, कुत्रं खोलीत न्यायचं तर दाराशी तुमचा डावा हात आपोआप मानेकडे जातो, पट्टा सुटतो, खुंटीला लागतो. कुणी कुणाला सांगत नाही. एकोणीस वर्षं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही की पट्टा काढ. तोंडाचं कामच नाही ते, हाताचं आहे. तुमच्या घरी पहिल्या दिवशी मीच त्याला आत घातलं ना, तेव्हाही माझ्या हातानं काढलाच असणार पट्टा, टेबलावर ठेवला असणार, आणि तोंडानं मी वहिनींना काय सांगत होतो, तर गोधडी कुठल्या बाजूला घालायची. त्या गोधडीकडे बघत होत्या. हाताकडे कोण बघतं.

बरं, नाही सांगितलं. झालं समाधान? नाही सांगितलं मी त्यांना. आता या चार भिंतींत म्हटलं मी ते, बाहेर विचाराल तर असं काही बोललोच नाही म्हणून सांगेन. पण चूक झाली तर काय फाशी द्याल? तुमच्या ऑफिसात चुका होत नाहीत? फोन आले दोन, मी दोन्ही वेळा जे योग्य होतं ते…

तीन. दाखवू नका, ठेवा तो फोन खिशात. वहिनींचा आहे होय? तीन आहेत, मला येतं वाचता. तिसरा अकरा वाजून सात. माहितेय. मी विसरलो नव्हतो, मी तो मोजत नव्हतो. तो काही तक्रारीचा फोन नव्हता ना. त्या म्हणाल्या, मास्तर, गप्प झालाय एकदम, उघडू का आता? बस, एवढंच. खूश होत्या हो. आवाजातच कळत होतं, परीक्षा पास झाल्यासारख्या. आणि मी म्हटलं, शाबास वहिनी, जिंकलात. मी म्हटलं, लगेच नका उघडू, दहा मिनिटं जाऊ द्या, गप्प बसण्याची सवय मुरू द्या, आणि मग उघडा.

दहा मिनिटं. डॉक्टरांना विचारलं मी तेही. दहा मिनिटांनी काही फरक पडला असता का. डॉक्टर चष्मा पुसत बसले. पडला असता म्हणाले नाहीत, आणि नसता पडला असंही म्हणाले नाहीत.

तुम्हाला वाटतंय हा एवढाच असेल माझा हिशोब. तर ऐका, आलाच आहात तर ऐका सगळं. तो फोन मी स्पीकरवर टाकला होता. दुसराही टाकला होता. बॅच समोर बसली होती ना, नवीन लोक, त्यांनाही हेच शिकायचं होतं, मी म्हटलं, बघा, हे बघा आत्ता कसं चाललंय एका घरी, ऐका. फोन असा वर धरला मी. दुसऱ्या फोनवर तो मागे ओरडत होता, सगळ्यांना ऐकू आलं, एक म्हातारे गृहस्थ म्हणालेही, फार त्रास होतोय हो त्याला, आणि मी त्यांना म्हटलं, काका, हे नाटक आहे, हळूहळू उतरेल. समजावत होतो मी. त्याच्या आवाजावर माझा आवाज चढवून समजावत होतो — हट्टाचं रडणं लांब असतं, गळा काढून असतं, श्वास घेऊन घेऊन असतं. आणि तो तसा रडत नव्हता. तुटत होता आवाज. घुटका घेतल्यासारखा, तुटत तुटत येत होता. एकोणीस वर्षं साहेब. अंधारात, पन्नास पावलांवरून मी सांगायचो कुठल्या कुत्र्याच्या पायात काटा गेलाय. मला ओळखता यायला हवा होता तो आवाज. यायला हवा होता म्हणजे… नाही, आला असं म्हणत नाहीये मी. बारा माणसं बघत होती माझ्याकडे. आणि तिसऱ्या फोनला, गप्प झालाय म्हणाल्या ना वहिनी, तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांनी. वहिनींना ऐकू गेल्या असतील. विचारलं नाही कधी मी.

नाही. घरी येऊन वहिनींना सांगायचं, ते नाही जमणार. तुम्ही सांगा ना तिला, तुम्ही नवरा आहात तिचा, घरी जा आणि सांगा, मास्तर कबूल झाला, त्यानं सांगितलंच नव्हतं, मुलीलाही सांगा… का नाही विश्वास ठेवणार? आधी शिव्या तुम्हीच घातल्यात म्हणून? आता गोड बोलताय, समजूत काढताय, असं वाटेल. हां, ते आहे खरं. ते तुमचं तुम्ही करून ठेवलंय. पण मी येऊन काय बोलू? तुमच्याच इमारतीत माझी सहा कुत्री आहेत. समोरच्या इमारतीत चार. एका घरात मी तोंड उघडलं की संध्याकाळपर्यंत दहा घरांत पोचेल, मास्तरनं पिल्लू मारलं. या वयात मी दुसरं काय करू, वॉचमन होऊ? लिहूनही देणार नाही. कागदावर तर नाहीच नाही.

हे काय करताय? फोन नका लावू. माझ्यासमोर नका… कुणाला, घरी? तुमच्या फोनवरनं कुणाला लावताय, त्यांचा फोन तर तुमच्याच खिशात आहे… आईंचा. अहो, नको म्हटलं ना. मला काही बोलायचं नाहीये. धरणार नाही मी तो. साहेब, ठेवा.

हॅलो. हो, आजी, नमस्कार. मास्तर बोलतोय. हो, तोच. बरी आहे तब्येत. नाही, काही काम असं नव्हतं… आहेत का जवळ? असू द्या, झोपल्या असतील तर उठवू… बरं, द्या.

हां, वहिनी. मीच. आहेत ना, साहेब इथंच बसलेत समोर, ते क्रेट परत द्यायला आले होते. हो, पोचलं. वहिनी, मी काय म्हणत होतो, ते त्या दिवशी… हं. हं. नाही, तसं नाही. अहो, मी कशाला रागावेन? माझं नाव कशाला खराब होतंय, कुणी काही म्हटलेलं नाही मला. माफी कसली मागता तुम्ही, वहिनी. नका रडू. नका, मुलगी ऐकेल. तुम्ही काही मुद्दाम…

असू द्या. होतं असं. विसरतं माणूस एखाद्या वेळेला.

हो. काळजी घ्या. ठेवतो.

हा घ्या तुमचा फोन. उठा आता, बॅच यायला लागली बाहेर.