आज कैवल्य कोण

कतारमधल्या मेसईदच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या मृणालिनीला मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं. घराबाहेर मराठी. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला.

“कोचला हवा होता पळणारा पोरगा. मॅनेजरने ड्राफ्टमध्ये, त्या वर्षातून एकदाच्या खेळाडू-निवडीत, कॉलेजातला धिप्पाड गडी उचलला. चूक कुणाची, रियाजभाई?”

“मॅनेजरची. खेळवायचं कोचने, आणि निवडणार हा?”

“अहो, तुम्ही कैवल्य ना? तो मॅनेजरच्या बाजूने बोलतो.”

“हां, विसरलो. बाबा, कोचला उद्याची मॅच दिसते, मॅनेजरला पुढची पाच वर्षं.”

“मग मी म्हणायचं, पाच वर्षं कोच टिकतो कुठे?”

“झकास. श्यामराव, हा अमेरिकन फुटबॉल तुम्ही बघता तरी का?”

“छे. त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण जेवलास का विचारलं, की माझा पोरगा कैवल्य ‘येस बाबा’ म्हणून फोन ठेवतो. गेल्या शुक्रवारी ड्राफ्टचं काढलं, तर माझा चहा गार होईपर्यंत बोलत होता.”

“आजही बोलेल, इन्शाल्ला.”

“आज बोलेल हो. पण ड्राफ्ट खलास झाला.”

“पुढचा कधी?”

“पुढच्या एप्रिलात.”

मृणालिनीचा नंबर पुकारला गेला. ती उठली नाही.

“मग आज सगळं बोलून टाकू नका, श्यामराव. थोडं पुढच्या शुक्रवारला ठेवा.”