मधलं आठवत नही

(सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, शिरपूरच्या वरच्या अंगाला. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या कापडाचे दिवस. दुपार. ओट्यावर ठाकऱ्या, त्याची विधवा मुलगी रुपली आणि पंच डोंगरसिंग. मधे मोहाच्या दारूचं मडकं. बाकीचे पंच समोर चिंचेखाली, त्यांच्यात ठाकऱ्याचा भाऊही.)

डोंगरसिंग : म्हणजे गोठ्यात कशी गेलीस, तेही तुला सांगता येत नाही.

रुपली : नही येत, आबा. मांडवात बसली होती, तेवढं आठवतं. झुलालनं मोहाच्या दारूचा द्रोण हातात दिला. नवरदेवाचा भाऊ तो. नही म्हटलं असतं तर तुम्हीच म्हटलं असतं, ठाकऱ्याच्या पोरीनं मांडवाचा मान मोडला.

डोंगरसिंग : मानाचा एक द्रोण ठीक. तू तर घेतच गेलीस.

रुपली : तो देत गेला. मग काही नही. मग एकदम गोठा शे. बैल रवंथ करतोय, माझ्या तोंडावर हात शे, आणि मी 'सोड, सोड' म्हणते. हात झुलालचा शे. हे बठ्ठं लख्ख आठवतं. त्याच्यापुढं पुन्हा काही नही.

ठाकऱ्या : तो म्हणतो, तू आपल्या पायानं आली.

डोंगरसिंग : आणि त्यानं सगळं सरळ सांगितलं, कुठं अडखळला नाही. पंचांपुढे असं तुकडे तुकडे चालत नाही, रुपली. तू काही लहान पोर नाहीस.

ठाकऱ्या : मग मधलं भरून टाक ना, पोरी. ओढत नेलं म्हण. तठे बघायला कोण होतं?

रुपली : ओढलं असेल, बा. उचललं असेल. माले ठाऊक नही. ठाऊक नही ते सांगितलं, तर जे खरं शे तेही खोटं पडेल. उद्या माझं मलाच कळणार नही, आठवलेलं कोणतं आणि जुळवलेलं कोणतं.

डोंगरसिंग : मग विसरून जा ना बाई.

रुपली : विसरायलाच प्यायला गेली की, त्याच्यानंतर. चमेलीकाकी म्हणे, झोपताना घोटभर घे. तोंडाजवळ नेली, तर वासाबरोबर तो गोठा अंगावर आला. आबा, त्या दारूनं उलटंच केलं. जे तुम्हाले सांगायला लागतं ते घेऊन गेली, आणि जे न्यायला पाहिजे होतं ते ठेवलं.

डोंगरसिंग : रडू नको. त्याचसाठी हे मडकं आणलंय. रीत तुला ठाऊक आहे. तुझ्या हातानं धरतीला थेंब टाकायचा, मग याच मडक्यातली तू घ्यायची, झुलालनं घ्यायची. मिटलं. पुन्हा गावात कोणी हा विषय काढायचा नाही.

रुपली : मीही नही?

डोंगरसिंग : तूही नाही. त्यातच भलं आहे. धुळ्याला फौजदारापुढे गेलीस, तर त्याचा पहिला सवाल, किती प्याली होतीस.

रुपली : झुलाल किती प्याला होता?

डोंगरसिंग : लग्नघर ते. सगळेच प्याले होते.

रुपली : तो माझ्याआधीपासून पीत होता. नाचताना पडला, तुम्हीच उचललं त्याले. मग त्याले कसं बठ्ठं आठवतं?

ठाकऱ्या : सांगा ना, डोंगरसिंगभाऊ.

डोंगरसिंग : पुरुषमाणसाचं वेगळं असतं.

ठाकऱ्या : मी पुरुषच शे. त्या रात्री घरी कसा आलो, माले आठवत नही. कोणी माले खोटा म्हटलं नही.

डोंगरसिंग : मी भांडायला आलो नाही, ठाकऱ्या. माणसं ताटकळलीत. रुपली, थेंब टाकतेस का?

रुपली : नही.

डोंगरसिंग : मग तुमच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही. पेरणीला कोणी बैल देणार नाही. बाप म्हातारा झालाय तुझा, त्याचा तरी विचार कर.

रुपली : बा, तू म्हणशील तर टाकते. तुझ्यासाठी टाकते.

ठाकऱ्या : डोंगरसिंगभाऊ, मडकं घेऊन जा.

डोंगरसिंग : नीट विचार केलास?

ठाकऱ्या : नही केला. घेऊन जा.

डोंगरसिंग : बरं. जातो मी. सांगतो त्यांना.

रुपली : बा, ते उठले बघ. काकाही चालला त्यांच्यासंगे.

ठाकऱ्या : दिसलं माले.

रुपली : आता कोणी यायचं नही आपल्याकडं. तुले वाईट वाटतं?

ठाकऱ्या : वाटतं. लई वाटतं. ये, आठे बस. मी बठ्ठं पंचांच्या तोंडून ऐकलं, आज तू बोलली तेही त्यांच्याशी, माझ्याशी नही. तू सांग.

रुपली : मधलं येत नही, बा.

ठाकऱ्या : नही आलं तर तठे थांब. मीही थांबतो.